जुन्या पिकअपला एसी बसवताय? कॉम्प्रेसर निवडण्यापूर्वी हे वाचा

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी १९६७ ते १९७२ मधली शेव्हरोले सी-१०, त्याच काळातली फोर्ड एफ-१०० किंवा डॉजची डी-१०० घेतली आहे, किंवा घ्यायचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. टेक्सास, ॲरिझोना किंवा फ्लोरिडात अशी गाडी एसीशिवाय वर्षातले चार-पाच महिने नुसती उभी राहते. मुलांना घेऊन बाहेर पडायचं तर घरचे तयार होत नाहीत. मग आपण इंटरनेटवर बसतो, कॉम्प्रेसरचे (गॅस दाबून यंत्रणेत फिरवणाऱ्या पंपाचे) फोटो बघतो, त्यातला सगळ्यात मोठा आणि चकचकीत निवडतो, आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कॉम्प्रेसर ठरवायचा शेवटी. तो कुठे बसणार, कोणत्या पट्ट्यावर फिरणार, त्यातून गारवा देणारा कोणता गॅस जाणार आणि पुढचा कंडेन्सर किती उष्णता बाहेर टाकू शकणार, ही चार उत्तरं मिळाली की कॉम्प्रेसरसाठी दोन-तीनच पर्याय उरतात. उदाहरणं मी मुख्यतः सी-१० ची देतोय, कारण तिच्याशी माझा सर्वात जास्त संबंध आला. पायऱ्या मात्र इतर गाड्यांनाही लागू पडतात.

हाताशी काय ठेवावं

- गाडीच्या मूळ सर्व्हिस मॅन्युअलची प्रत
- इंजिन ब्लॉकवर कोरलेला क्रमांक (गाडी विकणाऱ्याने सांगितलेलं इंजिन आणि प्रत्यक्षातलं इंजिन एकच असेल असं धरू नका)
- मोजपट्टी, सरळ लोखंडी पट्टी आणि शक्य असल्यास व्हर्नियर कॅलिपर
- इंजिनाच्या पुढच्या भागाचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो
- गेज सेट आणि व्हॅक्यूम पंप (पुष्कळ ऑटो पार्ट्सच्या दुकानांत अनामत ठेवून वापरायला मिळतात)
- डोळे वाचवणारा सुरक्षा चष्मा आणि हातमोजे. गॅस उडाला तर कातडी क्षणात गोठते

१. इंजिनाची नेमकी ओळख पटवा

सी-१० मध्ये त्या काळात २५० घन इंचांचं सहा सिलिंडरचं सरळ इंजिन होतं, २८३, ३०७, ३२७ आणि ३५० ची छोट्या ब्लॉकची व्ही-८ इंजिनं होती, आणि मोठ्या ब्लॉकची ३९६ आणि ४०२ सुद्धा होती. सहा सिलिंडरच्या इंजिनाचं ब्रॅकेट (कॉम्प्रेसर इंजिनावर धरून ठेवणारा आधार) व्ही-८ ला बसत नाही, आणि छोट्या ब्लॉकचं मोठ्याला बसत नाही. पन्नास वर्षांत ही इंजिनं इतक्या वेळा बदलली गेलेली असतात की क्रमांक पाहिल्याशिवाय एक बोल्टही मागवू नये.

छोट्या ब्लॉकच्या इंजिनात आणखी एक फरक असतो, आणि नवीन माणूस नेमका तिथे फसतो: वॉटर पंप. तो दोन लांबीत येतो. आखूड पंप ब्लॉकच्या बैठकीपासून हबच्या (पुली बसते त्या चकतीच्या) तोंडापर्यंत साधारण ५ ५/८ इंच भरतो, लांब पंप साधारण ६ १५/१६ इंच. सव्वा इंचाहून जास्त फरक आहे हा. आखूड पंपाचं ब्रॅकेट लांब पंपाच्या इंजिनाला लावलंत तर सगळ्या पुली वेगवेगळ्या रेषेत येतील. वर्षावरून अंदाज बांधू नका, कारण कार आणि ट्रकमध्ये हा बदल एकाच वेळी झाला नाही आणि मधल्या काळात कोणीतरी पंप बदललेलाही असू शकतो. पंखा आडवा येत असेल तर तो काढा, पण मोजाच.

२. मूळचा कॉम्प्रेसर ठेवायचा की नवा बसवायचा?

कंपनीतून एसी घेऊन आलेल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत त्या काळी फ्रिजिडेअरचा ए-६ असायचा. लांबट, दंडगोल, आत सहा सिलिंडर, आणि वजन ३५ पौंडांच्या आसपास. सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून त्याच्या जोडीला आर-४ आला: आखूड, चपटा, चार सिलिंडरचा, आणि पुढच्या शाफ्ट सीलमधून गळण्यासाठी प्रसिद्ध. फोर्डमध्ये यॉर्क किंवा टेकमसेचे उभे, दोन सिलिंडरचे कॉम्प्रेसर दिसतात, आणि क्रायस्लर-डॉजमध्ये व्ही आकाराचा आरव्ही-२.

तुमची गाडी मूळ स्वरूपात जपायची असेल, प्रदर्शनात न्यायची असेल, आणि ए-६ जागेवर असेल, तर तो ठेवा. ए-६ दणकट आहे. त्याचा जुना सील गळतो, पण दुरुस्तीत त्याऐवजी दोन ओठांचा नवा सील बसवता येतो आणि मग तो वर्षानुवर्षं चालतो. नव्याने बांधलेला ए-६ घेताना विक्रेत्याला सीलबद्दल हा प्रश्न जरूर विचारा. मूळचं ब्रॅकेट हाताशी आहे पण वजन कमी करायचं आहे, अशांसाठी ए-६ च्याच जागी बसणारे ॲल्युमिनियमचे हलके कॉम्प्रेसरही मिळतात. मधला मार्ग हवा असेल तर ते चांगले आहेत.

यॉर्कबद्दल थोडं वेगळं सांगतो. तो दोन सिलिंडरचा असल्याने धडधडतो, आणि ती धडधड सहा सिलिंडरच्या इंजिनावर चांगलीच जाणवते. पण त्याला स्वतःची तेलाची टाकी असते, त्यामुळे डोंगराळ रस्त्यांवर गाड्या चालवणारे लोक त्याच्यापासून टायरची हवा भरायचा पंप बनवतात. तुमच्या फोर्डमधला यॉर्क चालू स्थितीत असेल तर काढल्यावर टाकू नका. त्याला गिऱ्हाईक मिळतं.

कंपनीचा एसी मुळात नव्हताच, आणि रोज वापरायची गाडी आहे, तर माझं स्पष्ट मत आहे की सॅन्डेन या जपानी कंपनीच्या धर्तीचा आधुनिक कॉम्प्रेसर घ्या. वजन ए-६ च्या निम्म्याहून कमी, सुटे भाग सगळीकडे मिळतात, आणि ब्रॅकेटचे शेकडो प्रकार बाजारात आहेत.

३. गॅस आणि तेल आधी ठरवा

या गाड्या आर-१२ या गॅसवर चालायच्या. माँट्रियल करारानंतर अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५ च्या अखेरीस थांबलं. जुना साठा अजून विकला जातो, पण महाग आहे आणि विकत घ्यायला अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याच्या (क्लीन एअर ॲक्ट) कलम ६०९ खालचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून जवळपास सगळे जण आर-१३४ए वर जातात. त्याचे दोन पौंडांपर्यंतचे छोटे डबे, आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असलेले, प्रमाणपत्राशिवाय घेता येतात. कोणताही गॅस हवेत सोडणं कायद्याने गुन्हा आहे. जुन्या यंत्रणेत गॅस शिल्लक असेल तर आधी दुकानात नेऊन काढून घ्या.

आता तेल. आर-१२ बरोबर खनिज तेल चालायचं. आर-१३४ए मध्ये ते मिसळत नाही. ते तळाशी कुठेतरी साचून राहतं, कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून आर-१३४ए साठी पीएजी किंवा एस्टर यांपैकी एक कृत्रिम तेल लागतं. सॅन्डेनच्या पाच आणि सात सिलिंडरच्या नेहमीच्या कॉम्प्रेसरमध्ये कंपनी एसपी-२० हे पीएजी तेल वापरते. पीएजी हवेतला ओलावा झपाट्याने शोषतं, त्यामुळे बाटली उघडली की लगेच वापरा आणि उरलेली जपून ठेवू नका. जुन्या नळ्या आणि जुना इव्हॅपोरेटर (केबिनची हवा गार करणारी जाळी) ठेवणार असाल तर ते आतून नीट धुऊन घ्या आणि एस्टर तेलाचा विचार करा, कारण थोड्याशा उरलेल्या खनिज तेलाशी ते जुळवून घेतं. नव्या कॉम्प्रेसरमध्ये कारखान्यातूनच पीएजी भरलेलं आलं असेल, तर एस्टर घालण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा. परस्पर बदललं तर वॉरंटी जाऊ शकते. कॉम्प्रेसर मात्र कधीही धुवायच्या रसायनाने धुवू नका.

ऑनलाइन बाजारात ‘आर-१२ ऐवजी थेट चालेल’ असं लिहिलेले स्वस्त डबे दिसतात. त्यातल्या काहींत प्रोपेन-ब्यूटेनसारखा ज्वलनशील वायू असतो. आर-१२ च्या गाडीत तो भरणं अमेरिकेत बेकायदा आहे. शिवाय १९६७ ते ७२ च्या सी-१० मध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे असते. त्या केबिनमध्ये ज्वलनशील वायू गळण्याची शक्यता तुम्ही मुद्दाम निर्माण करू नका.

४. आकार: मोठा म्हणजे गार, असं नाही

सॅन्डेनच्या क्रमांकातच बहुतेक माहिती असते. एसडी-५०८ म्हणजे पाच सिलिंडर, आठ घन इंचांच्या आसपास. एसडी-७०९ म्हणजे सात सिलिंडर, नऊ घन इंचांच्या आसपास. नंतरच्या नावांत घन सेंटिमीटर आले: एसडी-५एच१४ म्हणजे पाच सिलिंडर आणि १३८ घन सेंटिमीटर, एसडी-७एच१५ म्हणजे सात सिलिंडर आणि १५५. एसडी-७बी१० हा छोटा, १०० घन सेंटिमीटरचा. ५एच१४ हा ५०८ चाच आर-१३४ए साठीचा वारस आहे.

दोन दारांच्या, एकाच सीटच्या केबिनला १३८ चा कॉम्प्रेसर पुरतो. सबर्बनसारखी लांब गाडी असेल, मागे दुसरा इव्हॅपोरेटर असेल, तर १५५ घ्या. १०० चा कॉम्प्रेसर जागा अगदीच कमी असेल तेव्हाच. फिनिक्सच्या दुपारी सिग्नलला उभं राहिल्यावर तो कमी पडतो. सहा सिलिंडरच्या इंजिनावर १५५ लावणं मला पटत नाही. कमी वेगात इंजिन दबतं आणि केबिन त्या प्रमाणात अधिक गार होत नाही, कारण उष्णता बाहेर टाकायचं काम कंडेन्सर करतो.

खरं तर या केबिनचा मोठा शत्रू उघडा पत्रा आहे. जमीन, छत आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) तिन्ही नुसत्या लोखंडाच्या. कॉम्प्रेसर एक नंबर मोठा घेण्याचे पैसे उष्णतारोधक थरावर घाला, फरक तळपायांना कळेल.

५. ब्रॅकेट, पुली आणि पट्टा

इथे सर्वाधिक वेळ द्या. एसी बसवून निराश झालेल्या दहापैकी बहुतेकांची तक्रार पट्टा किंचाळतो, पट्टा उडतो, ब्रॅकेट तडकतं, अशीच असते. कॉम्प्रेसर बिचारा ठीक असतो.

आधी इंजिनावर जागा कुठे आहे ते बघा. अल्टरनेटर एका बाजूला, पॉवर स्टिअरिंग असेल तर दुसऱ्या बाजूला. मूळच्या एक्झॉस्टच्या जागी हेडर (वेगवेगळ्या नळ्यांचा एक्झॉस्ट) बसवलेले असतील तर मूळच्या एक्झॉस्टवर टेकणारी ब्रॅकेटं बाद होतात. व्हॉल्व्ह कव्हर उंच असतील, तर कॉम्प्रेसरचा मागचा भाग त्यांना लागतो. बॉनेट बंद करून उंची मोजायची राहून जाते. मातीचा किंवा फॉइलचा गोळा ठेवून बॉनेट हळूच बंद करा, दबल्यावर किती जागा उरली ते दिसतं.

मग पुली. व्ही-पट्ट्याच्या (आतल्या बाजूला निमुळता होणाऱ्या पट्ट्याच्या) गाड्यांत एसीचा पट्टा साधारण अर्धा इंच रुंद असतो, आणि अल्टरनेटरचा बऱ्याचदा ३/८ इंचांचा. क्रॅंक पुलीत (इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरच्या पुलीत) एसीसाठी मोकळी खोबण आहे का ते पाहा. एसी नसलेल्या गाडीत ती बहुधा नसते, आणि जादा खोबणीची पुली वेगळी घ्यावी लागते. ब्रॅकेट सैल बसवून क्रॅंक पुली आणि क्लचची (कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या क्लचची) पुली सरळ पट्टीने एका रेषेत आणा. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. रेषा जुळवायला बारीक वॉशर घालणं चालतं. ब्रॅकेट वाकवणं चालत नाही.

गुणोत्तरही मोजा. क्रॅंक पुली ७ इंच आणि क्लचची पुली ५ इंच असेल तर कॉम्प्रेसर इंजिनाच्या १.४ पट वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर शांत उभं असताना कॉम्प्रेसरला ९८० मिळतात. क्लचची पुली मोठी घेतलीत तर उभ्या गाडीत गारवा कमी होईल. फार लहान घेतलीत तर महामार्गावर कॉम्प्रेसर मर्यादेपलीकडे फिरेल. सात हजारांपर्यंत इंजिन फिरवणाऱ्यांनी कंपनीच्या कागदावरची कमाल फेऱ्यांची संख्या वाचूनच पुली निवडावी.

पुढे कधी सर्पेंटाइन पट्ट्यावर (सगळ्या पुलींवरून फिरणाऱ्या एकाच रुंद, चपट्या पट्ट्यावर) जायचा विचार असेल, तर तो आताच करा. व्ही-पट्ट्याचा क्लच घेऊन सहा महिन्यांनी तो बदलणं म्हणजे दुप्पट खर्च. आणि काही सर्पेंटाइन रचनांत पट्ट्याच्या पाठीवर वॉटर पंप उलटा फिरतो, त्याला उलट्या फिरकीचाच पंप लागतो. साधा पंप तसाच ठेवला तर इंजिन तापतं आणि दोष एसीला दिला जातो.

६. कॉम्प्रेसरची तोंडं आणि त्याची बैठक

एकाच नंबराचा कॉम्प्रेसर पाच-सहा वेगवेगळ्या मागच्या टोप्यांत येतो. नळ्या वर निघणाऱ्या, मागे निघणाऱ्या, ओ-रिंगच्या, फ्लेअरच्या. गॅस आत घेणारी नळी साधारण १० नंबरची आणि बाहेर टाकणारी ८ नंबरची असते. तुमच्या होजची टोकं कोणती आहेत हे पाहिल्याशिवाय मागवू नका. जुन्या ५०८ वर बऱ्याचदा फ्लेअर असतं आणि नव्या संचांच्या होजला ओ-रिंगचं टोक असतं. दोघांचे आटे जवळपास बसल्यासारखे वाटतात, आणि मग ती जागा कायम गळत राहते.

सॅन्डेन उलटा बसवता येत नाही. तेलाचा प्लग वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे घड्याळातल्या नऊ ते तीनच्या दरम्यान राहिला पाहिजे. तिरका चालेल, खाली नको.

७. बाकीच्या यंत्रणेकडे दुर्लक्ष नको

आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा चढा असतो. जुन्या नळी-आणि-पात्याच्या कंडेन्सरऐवजी समांतर प्रवाहाचा कंडेन्सर लावा, पंख्याभोवतीचं आवरण शाबूत आहे ना ते बघा. ड्रायर (यंत्रणेतला ओलावा शोषणारा डबा) नवाच हवा, आणि आर-१३४ए ला चालणाऱ्या, एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ जातीच्या शोषकाचा. दाबाचा स्विच लावलाच पाहिजे. गॅस गळून गेला किंवा पंखा बंद पडला तर क्लच तोडून कॉम्प्रेसर वाचवतो तो हाच.

त्या काळातल्या साध्या गाड्यांत ३७ अँपिअरचा अल्टरनेटर असायचा. क्लच चारेक अँपिअर घेतो, पण ब्लोअर आणि विजेचा पंखा मिळून तो अल्टरनेटर पुरवू शकणार नाही. मोठा अल्टरनेटर आणि जाड तार, दोन्ही लागतात.

८. खरेदी करताना

पूर्ण संच घेणं नवख्याला सोपं पडतं. सॅन अँटोनियोची व्हिंटेज एअर किंवा टँपाची क्लासिक ऑटो एअर अशा कंपन्या गाडीच्या वर्षाप्रमाणे संच देतात. फोन करताना इंजिन, वॉटर पंपाची लांबी, हेडर, पॉवर स्टिअरिंग आणि पट्ट्याचा प्रकार ही पाच उत्तरं समोर लिहून ठेवा.

सुटा घेत असाल तर ‘५०८ सारखा’ आणि सॅन्डेनचा ५०८ यांत फरक आहे. नकलांतल्या काही ठीक चालतात, पण लेबल, क्रमांक आणि वॉरंटी कोण देतंय हे पाहून घ्या. बऱ्याच वॉरंट्या नवा ड्रायर घेतल्याची पावती दाखवल्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत, म्हणून सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा.

भंगार यार्डातून घ्यायचा असेल तर जुन्या जीप चेरोकीत सात सिलिंडरचा सॅन्डेन मिळतो. हब हाताने फिरवा. अडकत, घासत फिरत असेल तर सोडून द्या. तोंडं उघडी पडलेला, पावसात भिजलेला कॉम्प्रेसर फुकट दिला तरी घेऊ नका. आणि तेलात चमकणारे धातूचे कण दिसले तर त्या गाडीचा कंडेन्सरही घेऊ नका.

९. पहिल्यांदा सुरू करताना

सगळं जोडल्यावर किमान पाऊण तास व्हॅक्यूम धरा, मग पंप बंद करून काटा हलतो का ते बघा. समुद्रसपाटीला काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या वर जातो. डेन्व्हरसारख्या उंचीवरच्या गावात तो २४-२५ च्या आसपासच थांबतो, तिथे गळती समजून घाबरू नका. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो.

गॅस भरण्यापूर्वी क्लचचा पुढचा हब हाताने दहा-बारा वेळा फिरवा. आत साचलेलं तेल सिलिंडरमधून बाहेर पडतं, नाहीतर पहिल्याच झटक्यात व्हॉल्व्हच्या पात्या तुटू शकतात. इंजिन चालू असताना डबा उभा धरा, म्हणजे वायूच आत जाईल. आर-१२ च्या जुन्या यंत्रणेत आर-१३४ए भरताना मूळ वजनाच्या ७५ ते ८० टक्क्यांवर थांबा आणि मग गेज पाहत थोडं थोडं वाढवा. सेवा-तोंडांवर (गॅस भरायच्या जागी) आर-१३४ए ची जोडणी आणि बॉनेटखाली नवं लेबल लावणं कायद्याने लागतं. त्यावर गॅसचं वजन आणि तेलाची जात लिहिली म्हणजे पुढच्या मेकॅनिकला अंदाज बांधावा लागणार नाही.

क्लच तुम्हीच बसवला असेल तर त्याची चकती आणि पुली यांच्यामधली फटही तपासा. सॅन्डेनसाठी ती ०.४ ते ०.८ मिलिमीटर हवी. आठवडाभर गाडी चालवल्यावर पट्टा पुन्हा ताणा, ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि गळती थांबवायचं म्हणून विकतात ते द्रव यंत्रणेत घालू नका. ते आत घट्ट होतं आणि अशी यंत्रणा पुष्कळ दुकानं आपल्या मशीनला जोडूनही घेत नाहीत.